जुना सिनेमा, नवा अवतार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना आवडता सिनेमा नव्या रूपात येतोय अशी बातमी आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. बघावा का, डिस्क घ्यावी का, आणि तुम्ही लोक एवढे चिडता कशावर? डिस्क जमवण्यात आणि एकच प्रसंग चार-चार आवृत्त्यांत ताडून बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून जे समजलं ते इथे एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

जुना सिनेमा पुन्हा येतोय, ही तर आनंदाची गोष्ट. मग राग कशाचा?

आनंद होतोच. जो सिनेमा आयुष्यभर छोट्या पडद्यावर, पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रात पाहिला, तो अंधारात शंभर अनोळखी माणसांबरोबर बघायला मिळावा याहून मोठं सुख नाही. राग येतो तो दोन गोष्टींचा. सिनेमात फेरफार करायचे आणि सांगायचं नाही, ही पहिली. नवी आवृत्ती बाजारात आली की जुनी गुपचूप काढून घ्यायची, ही दुसरी, आणि ती जास्त लागते. हवे तेवढे अवतार काढा. मूळ सिनेमा शेजारी राहू द्या आणि काय केलंय ते वेष्टनावर स्पष्ट लिहा, एवढंच आमचं मागणं आहे. पुढे जे काही लिहिलंय ते याच मागण्याभोवती फिरतं.

रिस्टोर, रिमास्टर, अपस्केल हे सगळं एकच ना?

नाही, आणि जाहिरातीत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात म्हणून तर फसगत होते.

रिस्टोरेशन म्हणजे फिल्मवरचं काम. जगात त्या सिनेमाच्या कोणकोणत्या प्रती शिल्लक आहेत ते शोधायचं, त्यातली उत्तम निवडायची, फाटलेलं सांधायचं, एकेक चौकट स्कॅन करायची, ओरखडे आणि डाग काढायचे, आणि सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा जसा दिसत होता तिथवर त्याला न्यायचं. रिमास्टर म्हणजे हाताशी असलेल्या निगेटिव्ह किंवा प्रतीवरून नवी डिजिटल प्रत तयार करणं. ती चांगली होऊ शकते, वाईटही होऊ शकते. अपस्केल म्हणजे जुनीच कमी तपशिलाची व्हिडिओ प्रत संगणकाकरवी ताणून मोठी करणं. डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, फोरके डिस्कवर ३८४० गुणिले २१६०. मधले ठिपके कुठून तरी आणावे लागतात, आणि ते अंदाजाने भरले जातात.

मी स्वतः एकदा ‘रिस्टोर्ड’ असं ठळक छापलेली डिस्क घेतली. घरी येऊन लावली तर दुसऱ्या रिळाच्या सुरुवातीला माझ्या जुन्या डीव्हीडीत जो उभा ओरखडा होता तोच, त्याच जागी. तीच प्रत, फक्त कडक करून, कडांना पांढरी रेघ आणून विकलेली. कंपनीला लिहिलं. ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत’ एवढंच उत्तर आलं.

पन्नास वर्षांपूर्वी फोरके नव्हतंच. मग जुना सिनेमा फोरकेत येणार कसा?

फिल्मवर ठिपके नसतात, चांदीच्या क्षारांचे कण असतात, आणि ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये साधारण फोरकेच्या तोडीचा तपशील सहज असतो. म्हणजे तपशील पहिल्यापासून तिथे होता, आपल्या घरच्या यंत्रांना तो दाखवता येत नव्हता. म्हणून निगेटिव्हवरून नीट केलेलं फोरके काम बघताना अंगावर काटा येतो. कापडाचा पोत दिसतो, डोळ्यांतलं दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. फोरकेला आमचा विरोध आहे असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे.

नव्या आवृत्तीत नटांचे चेहरे मेणाचे का दिसतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फिल्मवरच्या त्या कणांमुळे चित्रात बारीक हलता पोत दिसतो. त्याला ग्रेन म्हणतात. ज्यांना सवय नाही त्यांना पडद्यावर मुंग्या फिरताहेत असं वाटतं. डिजिटल कॅमेऱ्याच्या चकचकीत चित्राला सरावलेला ग्राहक ‘हे खराब दिसतंय’ म्हणून परत करेल या भीतीने कंपन्या संगणकाला सांगतात, हे हलणारं सगळं पुसून टाक. पण ग्रेन चित्रावर बसलेली धूळ नव्हे. चित्रच त्या कणांचं बनलेलं असतं. कण पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेची छिद्रं जातात, सुरकुत्या जातात, केस एकमेकांत मिसळून लगदा होतो.

माझ्याकडे एका कृष्णधवल सिनेमाच्या दोन डिस्क आहेत. त्यात एक म्हातारा नट रात्री दारात उभा राहतो, हातात कंदील. उजेड खालून येतो. जुन्या डिस्कवर चित्र थोडं थरथरतं, मध्ये एक पांढरा ठिपका चमकून जातो, पण त्याच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट एकेक दिसतात आणि तो काहीच बोलत नसताना गालाची एक शीर हलते. त्या हलण्यात सगळा प्रसंग आहे. मुलगा परत येणार नाही हे त्याला कळलंय, आपल्याला त्या शिरेवरून कळतं. नव्या डिस्कवर तीच चौकट थांबवून पाहिली. हनुवटी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. शीर नाही. कंदिलाचा धूर वर जायच्या ऐवजी क्षणभर हवेत चिकटून बसतो आणि मग एकदम पुढे सरकतो, कारण संगणकाने धुरालाही घाण समजून पुसलंय. त्या नटाने केलेलं काम त्या डिस्कवर नाहीच.

हा प्रकार मोठमोठ्या सिनेमांच्या बाबतीतही घडलाय. ‘प्रिडेटर’ची २०१० सालची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतरची जास्त तपशिलाची डिस्क, यासाठीच बदनाम झाली. जेम्स कॅमेरून यांच्या ‘ट्रू लाइज’ची फोरके डिस्क २०२४ मध्ये आली, तेव्हा संगणकाने चेहऱ्यांवर स्वतःच्या मनाने रेषा आखल्यासारखं दिसतं अशी ओरड झाली. कॅमेरून यांनी त्या कामाची बाजू घेतली. मला ते पटलं नाही. त्यांचे सिनेमे मी किती प्रेमाने पाहिलेत ते माझ्या कपाटाकडे बघून कळेल, आणि म्हणूनच पटलं नाही.

रंगसुद्धा वेगळेच दिसतात. माझ्या आठवणीत गडबड आहे का?

असूही शकते. आपली आठवण बहुतेक वेळा जुन्या टीव्हीची किंवा उडालेल्या प्रिंटची असते. पण अनेकदा रंग खरोखरच बदललेले असतात. आजकालच्या सिनेमांची ती निळसर-हिरवट छटा जुन्या सिनेमावर फासली की तो ‘नवा’ वाटतो असा एक समज आहे.

याचं लक्षात राहिलेलं उदाहरण ‘द फ्रेंच कनेक्शन’चं. सिनेमा १९७१चा. २००९च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग फिके आणि फुटल्यासारखे करून टाकले. ज्याने तो सिनेमा टिपला त्या छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली, आपल्याला विचारलंही नाही म्हणाले. २०१२ मध्ये दोघांनी मिळून रंग पुन्हा ठरवले आणि नवी डिस्क निघाली. रंग नेमके कोणाचे, दिग्दर्शकाचे की छायालेखकाचे, या भांडणात मी छायालेखकाच्या बाजूने आहे. प्रयोगशाळेत पहिली प्रिंट मंजूर करताना उजेडाची जबाबदारी त्याच्याच डोळ्यांवर असते.

कृष्णधवल सिनेमा रंगीत केला तर बिघडलं कुठे? नव्या पिढीला कृष्णधवल बघवत नाही.

कृष्णधवल सिनेमा म्हणजे रंग काढून घेतलेला रंगीत सिनेमा नव्हे. त्या काळचा छायालेखक राखाडीच्या छटांत विचार करायचा. कुठली भिंत कुठल्या रंगाने रंगवली की पडद्यावर कोणती छटा उमटेल हे ठरवून सेट रंगवत, मेकअप करत. सावलीने माणूस भिंतीपासून सुटा होई. त्यावर गुलाबी गाल आणि निळं आकाश चढवलं की त्या सावल्या मळकट दिसायला लागतात.

१९८० च्या दशकात अमेरिकेत उद्योगपती टेड टर्नर यांनी एमजीएम या स्टुडिओचा सिनेमासाठा विकत घेऊन कृष्णधवल सिनेमे रंगवायला सुरुवात केली, तेव्हा दिग्दर्शक निषेधासाठी रस्त्यावर उतरायचे तेवढे बाकी होते. ‘सिटिझन केन’ मात्र वाचला. त्याचे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या मूळ करारातच सिनेमावरचा ताबा त्यांच्याकडे ठेवलेला होता, त्यामुळे १९८९ मध्ये टर्नर यांना तो बेत सोडावा लागला. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी ‘द अस्फाल्ट जंगल’च्या रंगीत रूपाविरुद्ध फ्रान्सच्या कोर्टात लढा दिला आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

‘मुघल-ए-आझम’बद्दल मात्र मी वेगळा विचार करते. तो १९६० साली लागला तेव्हा शीशमहालातलं गाणं आणि शेवटचा भाग रंगीत होता, उरलेला कृष्णधवल. के. आसिफ यांना पूर्ण सिनेमा रंगीत करायचा होता, पण वितरकांना आणखी थांबायचं नव्हतं. २००४ मध्ये तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा लागला आणि लोकांनी गर्दी केली. कर्त्याची इच्छा तिथे खरोखर होती. मी तो रंगीत पाहिला आणि मला राग आला नाही. फक्त एक गोष्ट हरवली. कृष्णधवल कथेत अचानक रंग फुटतो, आरशाच्या तुकड्यातुकड्यात अनारकली दिसते, तो धक्का. सगळंच रंगीत झाल्यावर तो धक्का बसायची सोय राहत नाही. म्हणून दोन्ही रूपं मिळत राहायला हवीत.

नव्या पिढीचं म्हणाल, तर माझ्या भाचीने कृष्णधवल सिनेमा सलग पाहिलाय, मध्ये एकदाही न उठता. प्रत चांगली होती.

थ्रीडी?

थ्रीडीसाठी टिपलेल्या सिनेमाबद्दल तक्रार नाही. सपाट टिपलेल्या जुन्या सिनेमाला नंतर खोली देताना प्रत्येक चौकटीतला प्रत्येक माणूस, प्रत्येक खांब कापून वेगळा करावा लागतो. ‘टायटॅनिक’ २०१२ साली थ्रीडीत आला तेव्हा त्यावर वर्षाहून जास्त काळ काम चाललं होतं आणि दिग्दर्शक स्वतः त्यात होता. तेवढा वेळ आणि पैसा फार कमी सिनेमांना मिळतो. बाकीच्यांत माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात. वर चष्म्यातून उजेड निम्म्याहून कमी पोचतो, त्यामुळे रात्रीचे प्रसंग काळेठिक्कर.

चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतात. पडदा पूर्ण भरला तर काय हरकत आहे?

पडदा भरायचा म्हणजे चित्र कापायचं किंवा ताणायचं. तिसरा मार्ग नाही.

१९५३ पर्यंत बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत टिपले जायचे. आताचा टीव्ही रुंद. जुना सिनेमा त्यात भरायला वरून डोकं आणि खालून पाय छाटावे लागतात. नाचाचं दृश्य असेल तर पायच गेले, मग पाहायचं काय? हा रोग नवा नाही. ‘गॉन विथ द विंड’ १९३९चा. रुंद पडद्याची लाट आल्यावर १९५४ मध्ये तो वरून-खालून कापून पुन्हा लावला, आणि १९६७ मध्ये ७० मिलिमीटरवर नेताना आणखी कापला. म्हणजे नव्या तंत्राच्या मापात जुन्या सिनेमाला कोंबण्याची खोड सत्तर वर्षांची आहे. काळे पट्टे राहू द्या. चित्र जिथे संपतं तिथेच ते संपू द्या.

माझ्या टीव्हीवर जुना सिनेमा मालिकेसारखा सरसर हलतो. डिस्क खराब आहे का?

डिस्क ठीक आहे. टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ची सोय चालू आहे, ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि टीव्ही मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसडतो. बऱ्याच नव्या टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की हे सगळं एकदम बंद होतं.

आवाजाबद्दल कुणी बोलत नाही. त्यातही बदल करतात?

करतात, आणि चित्रापेक्षा जास्त बिनदिक्कत करतात, कारण आवाजाचा पुरावा चौकट थांबवून दाखवता येत नाही.

जुने सिनेमे मोनो होते. एकाच स्पीकरमधून संवाद, संगीत, पावलं, पाऊस, सगळं. ध्वनिमुद्रकाने त्या एका वाटेत कोणाला पुढे ठेवायचं, कोणाला मागे, हे तोलून ठेवलेलं असतं. नव्या डिस्कवर ‘५.१’, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरमधून येणारा आवाज, असं लिहायचं म्हणून तो आवाज फोडतात, कमी पडेल तिथे नवे आवाज भरतात. एका सिनेमात दोन भाऊ रात्री बोलत बसलेत, वाटणीचं बोलणं, आणि मागे घड्याळ चालतंय. मूळ आवाजात ते घड्याळ जेमतेम ऐकू येतं. बोलणं थांबतं तेव्हाच लक्षात येतं की ते कधीपासून चालू होतं. नव्या आवृत्तीत टिकटिक माझ्या खुर्चीच्या मागून, उजव्या कोपऱ्यातून यायला लागली. मी वळून बघितलं. दोन भावांच्या त्या बोलण्यातून मी बाहेर पडले आणि परत आत जाता आलं नाही. मूळ मोनो ट्रॅक डिस्कवर ठेवायला जागा कितीशी लागते! तरी ठेवला नव्हता.

आणखी एक जुनं दुखणं. ‘पाल’ (PAL) या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या देशांत टीव्हीला सेकंदाला २५ चौकटी लागत, म्हणून २४ चौकटींचा सिनेमा चार टक्के पळवत. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधी संपे आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे होत. अनेकांनी लाडकी गाणी वर्षानुवर्षं चढ्या सुरातच ऐकलीत. ब्लू-रेवर २४ चौकटी तशाच ठेवता येतात, ही त्या डिस्कची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट.

दिग्दर्शकानेच बदल केले तर चाहत्यांनी बोलायचा हक्क काय?

बदल करायचा हक्क त्याचा, मी तो नाकारत नाही. लोकांनी पाहिलेला, ज्यावर लोक वाढले तो सिनेमा नाहीसा करायचा हक्क मात्र त्याचाही नाही.

जॉर्ज लुकास यांची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकी संसदेपुढे जुन्या सिनेमांत फेरफार करणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. १९९७ मध्ये त्यांनीच ‘स्टार वॉर्स’ नव्या दृश्यांसह, संगणकावर बनवलेल्या प्राण्यांसह आणला. खानावळीतल्या प्रसंगात त्यातला एक नायक हान सोलो समोरच्यावर आधी गोळी झाडायचा, आता समोरचा आधी झाडू लागला, आणि एका बेरकी माणसाचं सुधारत जाणं सुरुवातीलाच बोथट झालं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत त्या प्रसंगात काही ना काही बदलत राहिलं. मूळ रूप २००६ मध्ये डीव्हीडीवर दिलं, तेही पुरवणी म्हणून आणि १९९३च्या लेझर डिस्कसाठी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या व्हिडिओ डिस्कसाठी, केलेल्या जुन्या प्रतीवरून. शेवटी चाहत्यांनी १९७७च्या ३५ मिलिमीटर प्रिंट मिळवून स्वतः स्कॅन केल्या. रात्री जागून, स्वतःचे पैसे घालून, एकेक चौकट साफ करून. कायद्याच्या नजरेत ते बरोबर नाही हे मला माहीत आहे. पण त्यांनी ते का केलं हे मला पुरतं कळतं.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी उलटं केलं. २००२च्या ‘ई.टी.’मध्ये पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी घातले होते. नंतर ते करायला नको होतं असं त्यांनी उघडपणे सांगितलं आणि २०१२च्या ब्लू-रेवर १९८२चाच सिनेमा दिला. ‘ब्लेड रनर’चंही काम मला आदर्श वाटतं. २००७च्या मोठ्या संचात त्याची पाच वेगवेगळी रूपं एकत्र दिली आणि निवड बघणाऱ्यावर सोडली.

आणि दिग्दर्शकाला न विचारताच बदल केले तर?

ऑगस्ट २०२५ मध्ये ते घडलं. ‘रांझणा’ हा २०१३चा सिनेमा तमिळ रूपात पुन्हा लावला आणि त्याचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदलला. मूळ सिनेमात नायक मरतो, इथे त्याला जगवलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष, दोघांनीही जाहीर विरोध केला. सिनेमा लागलाच.

याचं मूळ कायद्यात आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. कवीला, चित्रकाराला आपल्या कलाकृतीची मोडतोड झाली तर कर्ता म्हणून दाद मागता येते, दिग्दर्शकाच्या पायाखाली ती जमीन नाही. ‘शोले’च्या थ्रीडी रूपाला रमेश सिप्पी यांनी कोर्टात विरोध केला होता, तरी २०१४च्या जानेवारीत ते लागलं. फ्रान्समध्ये ह्यूस्टन यांच्या वारसांना जे मिळालं ते इथे मिळणं कठीण. ज्या माणसाच्या नावाने आपण सिनेमा ओळखतो त्याला त्या सिनेमाच्या शेवटाबद्दल विचारलंही जात नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ त्या प्रचंड गोल पडद्यावर दाखवतात, ते तर भन्नाट आहे म्हणे?

असेलही. लास व्हेगासच्या ‘स्फिअर’मध्ये ऑगस्ट २०२५ पासून तो दाखवतात. चौकटीबाहेर राहिलेली माणसांची अंगं, झाडं, आकाश कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवून जोडलंय, आणि सिनेमा १०२ मिनिटांवरून सुमारे ७५ मिनिटांवर आणलाय. याला मी जत्रेतला खेळ म्हणेन आणि जत्रा मला आवडते. तो १९३९चा सिनेमा आहे असं मात्र म्हणू नये.

तुम्हाला काहीच आवडत नाही का? चांगलं काम झाल्याचं एक तरी उदाहरण द्या.

दोन देते, मन भरून.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’सह अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. वितळलेल्या, करपलेल्या, हात लावला तर तुटतील अशा. कुठल्याही यंत्रात त्या चालल्या नसत्या, पण कुणीतरी त्या फेकून दिल्या नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या फिल्मला ओलावा देऊन मऊ केलं, कडेची तुटलेली भोकं हाताने नवीन बसवली, जळालेल्या कडा छाटल्या, आणि वाचलेला भाग फोरकेत स्कॅन केला. जिथे निगेटिव्ह राखच झाली होती तिथे जगभरातल्या इतर प्रती जोडल्या. २०१५ मध्ये ते काम लोकांसमोर आलं. दुर्गा आणि अपू आगगाडी बघायला गवतातून धावतात तिथे गवताच्या तुऱ्यांवरून वारा गेलेला दिसतो, आणि ग्रेनही दिसतो, जसाच्या तसा.

दुसरं ‘शोले’चंच. मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेली होती. जुन्या सिनेमांचं जतन करणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ब्रिटनमधल्या गोदामात सापडलेल्या, निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधल्या पिढीच्या प्रतींचा आधार घेऊन तो फोरकेत उभा केला आणि जून २०२५ मध्ये बोलोन्यात दाखवला. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट त्यात परत आला. ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली करतो, हे आपण पन्नास वर्षं पाहिलं. लिहिलेलं आणि टिपलेलं तसं नव्हतं. बदल म्हणून बघितलं तर हाही बदलच, पण कर्त्यांनी जे केलं होतं तिकडे परत नेणारा, आणि लपवून न केलेला.

ज्यांच्याकडे परत जायला काही उरलंच नाही अशांची आठवण इथे काढायलाच हवी. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१चा. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते, नंतरची अॅसिटेट फिल्म ओलाव्यात आंबून व्हिनेगरसारखी वास मारते आणि आक्रसते. एकेका डब्यासाठी धावाधाव करणाऱ्या अभिलेखपालांचं काम बघितलं की, असलेली चांगली निगेटिव्ह हातात घेऊन तिच्यातले चेहरे गुळगुळीत करणाऱ्यांचा आणखी संताप येतो.

एकच सिनेमा किती वेळा विकत घ्यायचा?

व्हीएचएस १९७६, लेझर डिस्क १९७८, डीव्हीडी १९९६, ब्लू-रे २००६, फोरके डिस्क २०१६. चाळीस वर्षांत पाच वेळा, आणि प्रत्येक प्रकारात पुन्हा वर्धापनदिनाची आवृत्ती, मग संग्राहकांची, मग ‘अंतिम’. पुढच्या वर्षी जास्तीच्या मुलाखतींसह नवी काढायची हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून पहिल्या डिस्कवर मुद्दाम काही ठेवत नाहीत. माझा नियम आता साधा आहे. निगेटिव्हवरून नवं स्कॅनिंग झालं असेल तरच पुन्हा घ्यायचं. नवा डबा, नवं पोस्टर, यासाठी नाही.

स्ट्रीमिंगवर सगळं आहे. डिस्क कशाला?

कारण स्ट्रीमिंगवरची प्रत तुम्ही झोपलेले असताना बदलता येते. २०२३ मध्ये ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या एका प्रसंगातले काही क्षण, वंशद्वेषी शिवी असलेले, गायब झाल्याचं बघणाऱ्यांच्या लक्षात आलं. आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. ती शिवी सिनेमातल्या नायक पोलिसाचं हिणकस मन दाखवायला होती. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे ती अजून आहे. ‘विकत घ्या’ हे बटणही फसवं असतं. आपण घेतो तो फक्त बघण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक केलंय.

तुम्ही फक्त आपल्या बालपणात रमताय, असं नाही का?

ज्या सिनेमांसाठी मी भांडते त्यातले अर्ध्याहून अधिक माझ्या जन्माआधीचे आहेत.

विकत घेण्याआधी काय बघावं?

वेष्टनाची मागची बाजू. ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून स्कॅन’ असं लिहिलंय का, काम कुणी केलं आणि कुणी मंजूर केलं हे आहे का. चौकटीचं प्रमाण मूळचंच आहे का. मूळ मोनो आवाज आहे का. नुसतं ‘डिजिटली एन्हान्स्ड’ लिहिलं असेल तर थांबा, दोन आठवड्यांत लोक चौकटी ताडून बघतात आणि खरं काय ते कळतं. पहिल्याच दिवशी घ्यायचा मोह मलाही होतो.

तक्रार करून काही होतं का?

होतं. ‘ग्लॅडिएटर’ची २००९ची ब्लू-रे इतकी वाईट होती की चित्रातले उडते बाण पुसले गेले होते. लोकांनी ते दाखवून दिल्यावर २०१० मध्ये सुधारित डिस्क निघाली. ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेचे जुने भाग स्ट्रीमिंगवर वरून-खालून कापून आले, त्यात चित्रातले विनोदच छाटले गेले. बोंब झाल्यावर २०२० मध्ये मूळ चौकट निवडायची सोय दिली.

‘तुम्ही सिनेमाची वाट लावली’ असं लिहिल्याने मात्र कुणी हलत नाही. डिस्कच्या कडेला छापलेला क्रमांक लिहा. नेमकी वेळ लिहा, तास, मिनिट, सेकंद. जुन्या आणि नव्या आवृत्तीतली तीच चौकट शेजारी-शेजारी ठेवून पाठवा. काय चुकलंय ते एका वाक्यात सांगा आणि काय हवंय तेही सांगा, डिस्क बदलून हवी की मूळ आवाज जोडून हवा. त्या म्हाताऱ्या नटाच्या प्रसंगासाठी मी तसंच पत्र पाठवलंय. एक तास, बारा मिनिटं, चौतीस सेकंद. डावीकडे जुनी चौकट, उजवीकडे नवी, आणि खाली एकच ओळ: गालावरची शीर परत द्या.